निम्म्या भावाची मेंढरं

मायाप्पा,

तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी पहिल्यांदा काय विचारलं असेल? "कुणी सांगितलं?" रडलो नाही, खाली बसलो नाही, देवाचं नाव घेतलं नाही. कुणी सांगितलं, त्याला कुणाकडून कळलं, त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं का, असे एकामागून एक प्रश्न विचारले. बाजारात मेंढपाळ मेल्याची आवई उठवून त्याच्या मालाचा भाव पाडणारे लोक मी पाहिलेत. बायामाणसं घाबरतात, पोरं गोंधळतात आणि दोन दिवसांत सगळा कळप येईल त्या दरानं निघतो. त्यामुळं तुझ्या मरणातही मला आधी कुणाचा तरी डाव दिसला. मग आठवलं, गावी पोचेपर्यंत तुझी सगळी मेंढरं खपल्याचं बाजारात ऐकलं होतं, तुझ्याकडं आता विकायला एक शेपूटही उरलेलं नाही. भाव पाडून कुणाला काही मिळणार नाही. तेव्हा कुठं बातमी खरी वाटली, आणि मग मात्र मी लोणंदच्या स्टँडवर, भर दुपारी, लोकांसमोर रडलो.

हा माझा स्वभाव तुला नवा नाही. मी लोणंदच्या शेळ्यामेंढ्यांच्या बाजारातला दलाल, माझे अब्बाही दलाल. त्यांनी मला नमाज शिकवायच्या आधी जनावराचे दात बघायला शिकवले. म्हणायचे, महाग मालाला नुसतं नाही म्हणायचं आणि पुढं जायचं, पण स्वस्त माल दिसला की थांबायचं, तोंड उघडून बघायचं, शेपूट उचलून बघायचं. मालात खोड असली की मालक दरात बोलतो. हे मी इतकं अंगी मुरवून घेतलं की आता कोथिंबिरीची जुडी स्वस्त मिळाली तरी घरी येईपर्यंत मी ती तीनदा हुंगतो. बायको म्हणते, तुम्हाला जन्नत जरी फुकट मिळाली तरी तुम्ही आधी छत गळतं का बघाल. ती बरोबरच बोलते.

आणि तू जतच्या बाजूचा, कर्नाटकाच्या अंगाच्या गावातला धनगर. दिवाळी सरली की तुझा वाडा निघायचा. मेंढरं, घोडं, कुत्री, शेवंता वहिनी आणि घोड्यावरच्या जाळीतली कोकरं, असा सगळा चालता संसार. आटपाडी, म्हसवड, फलटण करत तू आमच्या शिवारात यायचास. रानं मोकळी झालेली असायची, शेतकरी खतासाठी तुझी मेंढरं बसवून घ्यायचे. बाजारच्या दिवशी दोन-चार नर घेऊन तू यायचास आणि थेट मला शोधायचास. मी दर विचारला की तू आभाळाकडं बघायचास. ताकाला तूर लागू द्यायचा नाहीस. अर्ध्या तासानं जो आकडा सांगायचास तो नेमका बरोबर असायचा, आणि त्यातून तू एक रुपया हलायचा नाहीस. तुझ्यासारख्या माणसाबरोबर दलालाला काम नसतं, तरी मी दर वर्षी तुझी वाट बघायचो.

भांडायचो तेही शब्दांवरून. स्वस्त विकण्याला आमच्या बाजारात जितके शब्द आहेत तितके महाग विकण्याला नाहीत. कुणी 'गरजेचा भाव' म्हटलं की मी समजतो, घरात लग्न नाहीतर दवाखाना निघालाय. 'पडेल भाव' म्हणजे ऊन कललंय आणि माल परत न्यायला गाडी नाही. 'उक्तं घ्या' म्हणजे एकेक तपासत बसू नका, सगळा कळप एका दमात हाका. असं कुणी म्हटलं की त्या कळपात चार लंगडी असणार हे मी न बघता सांगतो. 'फुकापासरी देतोय' असं जो स्वतःच्या तोंडानं सांगतो तो कधीच फुकापासरी देत नसतो. आणि 'मातीमोल' हा तर बाजारातला शब्दच नाही, तो घरी गेल्यावर बायकोला सांगायचा शब्द. हे सगळं मी तुला मोठ्या तोऱ्यात समजावलं होतं. तू ऐकून घेतलंस आणि एकाच शब्दावर अडून बसलास. "माती कवा स्वस्त झाली रं? शिरवळला जा आन गुंठ्याचा भाव इचारून ये." मी म्हटलं, शब्द जुना आहे, शिरवळला कंपन्या यायच्या आधीचा. तू म्हणालास, मग बदला की शब्द, जनावर म्हातारं झालं तर आमी बदलतो. हे भांडण पुढच्या वर्षीही झालं, त्याच्या पुढच्या वर्षीही. शेवट कुणी केलाच नाही.

सांगलीतली ती गोष्ट मी अजून बाजारात सांगतो. मल्हारीच्या, म्हणजे तुझ्या पोराच्या, लग्नासाठी बूट घ्यायला आपण दोघं गेलो होतो. दुकानावर हा एवढा 'सेल'चा कापडी फलक, आत प्रत्येक डब्यावर एक मोठी किंमत खोडलेली आणि खाली छोटी किंमत लिहिलेली. तू एक डबा हातात घेतलास, खोडलेल्या आकड्यावर बोट ठेवलंस आणि दुकानातल्या पोरीला विचारलंस, "ह्यो भाव कुनी दिला व्हता का?" ती म्हणाली, नाही, आता सूट आहे. "आता न्हवं. आदी कवा कुनी दिला व्हता का?" पोरगी मालकाकडं बघायला लागली. तू म्हणालास, कुणी दिलाच नाही तर त्यो भाव न्हवं, मग खोडला कशाला? शेवटी मालकानं हात जोडून आणखी थोडे कमी केले, आणि तेवढ्यानंच मी तुला दुकानातून ओढून बाहेर काढलं. एवढे कमी करतोय म्हणजे तळवा पुठ्ठ्याचा असणार. तू परत आत जाऊन तेच बूट घेतलेस. मल्हारी ते सहा वर्षं घालत होता, हे तू मला प्रत्येक भेटीत ऐकवायचास.

आता ज्यासाठी लिहायला बसलोय तिथं येतो. मी टाळत होतो, हे तुझ्या ध्यानात आलंच असेल.

गेल्या माघात तुझा वाडा आमच्या गावाशेजारच्या रानात बसला होता. मी दुपारचा आलो. वहिनींनी भाकरी दिली, तू बाभळीला टेकून बसला होतास. मधेच म्हणालास, समज, एखाद्याला जनावर चांगल्या घरी पडावं असं वाटतं. खाटकाच्या गाडीत नव्हे, पाळणाऱ्याच्या दावणीला. म्हणून तो दर मुद्दाम खाली आणतो. "आसल्या देन्याला तुमच्या बाजारात शबुद हाय का?"

"हाय की," मी म्हटलं, "येडेपना."

तू हसलास आणि हसता हसता तुला खोकल्याची उबळ आली. बराच वेळ थांबेना. वहिनी उठून पाणी घेऊन आल्या. आणि मी काय विचार केला असेल? की दलाली कमी करून घ्यायला मायाप्पा यंदा आजारपणाचं सोंग काढतोय. लाज वाटते हे लिहिताना, पण तुझ्याशी आता खोटं बोलून मिळणार काय? सांगलीच्या डॉक्टरांनी तुला आधीच सांगितलं होतं की छाती गेलीय, चालणं बंद करा. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी तू मला वाट दाखवली होतीस आणि मी तिकडं बघितलंसुद्धा नाही.

चैत्रात तू सगळाच्या सगळा वाडा बाजारात घेऊन आलास. साठेक मेंढरं. मल्हारी शिरवळच्या कंपनीत लागला होता. आता पुरे, खोली घेतलीय, इकडं या, असं तो म्हणत होता. म्हणजे विकायचं कारण सरळ होतं. पण तू दर सांगितलास तो चालू दराच्या निम्मा. मी म्हटलं, का? तू म्हणालास, इकायची हायती. मी पुन्हा विचारलं. तू म्हणालास, "गिऱ्हाईक आन गड्या, तुला काय करायचंय?"

माझ्या मनात पाल चुकचुकली. मी एकेक मेंढी धरून बघितली. डोळे स्वच्छ, दात ठीक, खूर कोरडे, नाकाला शेंबूड नाही. कुठं काही सापडेना, तसा माझा संशय आणखी वाढला, कारण इतका चांगला माल निम्म्यात द्यायला मायाप्पा काही खुळा नाही. कुठंतरी पाणी मुरत होतंच. आणि मग पाठीवर हात फिरवताना मला ते चट्टे दिसले. प्रत्येक मेंढीच्या पाठीवर, एकाच जागी, चिमटीएवढी लोकर गायब. साठच्या साठ. मला वाटलं, खरूज आहे आणि तू औषध लावून वरची लोकर साफ केली आहेस.

तुमच्या घरात मेंढरू दुसऱ्याच्या घरी पाळायला गेलं की त्याच्या पाठीवरची चिमूटभर लोकर उपटून ठेवतात, वाड्याची बरकत त्याच्याबरोबर जाऊ नये म्हणून. हे मला माहीत होतं. तुला तसं करताना मी कितीदा पाहिलं होतं. पण ती लोकर सौदा ठरल्यावर उपटायची असते. सौद्याच्या आधी, गिऱ्हाईक समोर नसताना, साठ मेंढरांची लोकर कोण उपटून ठेवतो? हा विचार मला शिवलाच नाही. दलालाची नजर होती, तिला रोगच दिसला.

मग मी मोबाइल काढला. आमचा दलालांचा ग्रुप आहे, त्यावर माझ्याच आवाजात बोललो. "जतचा वाडा आलाय, साठेक मेंढरं. मानूस ओळखीचा हाय, पन दर निम्मा सांगतोय आन पाठीवर चट्टे हायती. ज्यानं त्यानं आपापलं बगून घ्यावं." एवढंच. खोटं एक अक्षर नव्हतं. मी स्वतःला सांगितलं की हे माझं कर्तव्य आहे, गिऱ्हाईक उद्या माझ्या नावानं शिमगा करायला नको.

दुपारपर्यंत तुझ्या कळपाभोवती चार हात मोकळी जागा पडली. लोक वळसा घालून जात होते. एकानं तर आपली शेळी उचलून खांद्यावर घेतली. मग एक ट्रकवाला व्यापारी आला. चट्टेवाल्या मालाचाही बाजार असतो, तोही तुला कळला असेल त्या दिवशी. त्यानं तुझ्या निम्म्याचाही निम्मा सांगितला, उक्तं, आत्ताच्या आत्ता. तू मान हलवलीस. तो दोनदा परत आला, दोनदा तू मान हलवलीस. मी लांबून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, बघा, एवढी गरज आहे तरी देत नाही, म्हणजे डाव मोठा आहे.

बाजार मोडल्यावर आपण बाजारातल्या टपरीवर चहा प्यायलो. मी मोठ्या शहाण्यासारखा म्हणालो की चढा दर सांगितला असतास तर माल केव्हाच गेला असता. तू बशी खाली ठेवलीस.

"व्हय. लोकांला भ्या वाटलं," म्हणालास. मग माझ्याकडं न बघता, "तुला बी वाटलं का रं?"

"मला कशाला वाटंल?"

तू नुसता "हं" म्हणालास. उठलास, मेंढरांना हाक घातलीस आणि फलटणच्या रस्त्याला लागलास. गाडी करून देतो म्हटलं तर म्हणालास, त्यांना पाय आहेत. त्याच संध्याकाळी मी तो मेसेज पुसून टाकला. का पुसला, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

तुझ्या दहाव्याला मी जतला आलो. एसटीतून उतरलो तर गावात टँकर आला होता, बायकांची घागरींची रांग थेट तुझ्या दारापर्यंत. मल्हारीनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. माणसं बसली, चहा झाला, आणि मग त्यानं सगळ्यांसमोर मला विचारलं. काका, तुम्ही बाजारातले, तुम्हाला ठाऊक असेल, त्या दिवशी बापूच्या मालाबद्दल कुणाचा तरी मेसेज फिरत होता म्हणे. त्या मेसेजमुळं गिऱ्हाईक पळालं, म्हणून बापू चैत्राच्या उन्हात लोणंदपासून जतपर्यंत पायी आला, आणि आला तो अंथरुणावर पडला तो उठलाच नाही.

"ज्यानं पाठवला त्यानं माझा बाप मारला," मल्हारी म्हणाला. "कोन व्हता त्यो?"

मी सांगायलाच आलो होतो, मायाप्पा. हे तुला पटणार नाही, मलाही फारसं पटत नाही, पण एसटीत सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. आणि तोंडातून निघालं ते असं: "बाजारात शंभर तोंडं असत्यात, पोरा." मग मी पाणी मागितलं. पोरानं स्वतः तांब्या आणून दिला.

परत निघालो तेव्हा वहिनी स्टँडपर्यंत सोडायला आल्या. वाटेत बाभळीखाली थांबल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "आवाज तुमचाच व्हता, हमीदभाऊ. च्यावाल्यानं दुपारीच ह्यास्नी आइकवला. मी तितंच व्हते."

म्हणजे तुला दुपारीच माहीत होतं. आणि संध्याकाळी तू माझ्यासमोर बसून चहा प्यायलास, आणि मला विचारलंस, आणि मी कशाला वाटंल म्हणालो.

मग त्यांनी मला सगळं सांगितलं. बाजाराच्या दिवशी उजाडायच्या आधी तू एकेका मेंढीचं नाव घेऊन लोकर उपटली होतीस. गर्दीत एखादी राहून जाईल अशी तुला धास्ती होती. ती लोकर शेवटपर्यंत तुझ्या उशाला होती. निम्मा दर कशासाठी, हे तू मला मुद्दामच सांगितलं नव्हतंस. वहिनींना म्हणाला होतास, हमीदला सांगितलं तर तो पाळणारं गिऱ्हाईक म्हणून कुणालाही उभं करेल, आणि ते गिऱ्हाईक देवाची शपथ घेईल. तुला शपथ नको होती. तुला माणूस बघायचा होता. म्हणजे माझा तुझ्यावर संशय होता आणि तुझा माझ्यावर. फरक एवढाच की तुझा बरोबर होता.

आणि ते चालणं. मल्हारीला वाटतं, तू हरून चालत आलास. वहिनी म्हणतात, मी त्यांना इतकं खूश लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. ज्या ज्या रानात इतकी वर्षं मेंढरं बसवलीस, त्या त्या वस्तीवर थांबलास. दारात बसायचास, पाणी मागायचास, घरातली कुत्री अंगानं भरलेली आहेत का, पोरं करडाला कसं उचलतात, हे बघायचास. पटलं तर दोन द्यायचास, नाहीतर राम राम करून उठायचास. फलटणच्या पुढं दोन, म्हसवडला पाच, आटपाडीकडं एका विधवा बाईला तीन. अशी करत करत साठच्या साठ, सगळी निम्म्या दरात. वहिनी म्हणाल्या होत्या, तिला तरी फुकट द्या. तू नाही म्हणालास. फुकट आलेलं मेंढरू पहिल्या पाहुण्याला कापतात, निम्म्या पैशात घेतलेलं माणूस राखतं. जत येईपर्यंत तुझ्यापुढं फक्त घोडं आणि कुत्री उरली होती.

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. तसं थोडं वाटलंही. मग वहिनी म्हणाल्या की तुझा माझ्यावर राग नव्हता. तू म्हणाला होतास, हमीद काय खोटं बोलला, दर निम्मा सांगितला की माणसानं बघून घ्यावंच. आणि वर, "पोराला सांगू नगं. हमीदचं आपल्याकडचं येनंजानं तुटाय नगो."

एसटीत बसल्यापासून मी या शब्दांची उलटतपासणी करतोय. एवढी मोठी चूक आणि एवढ्या स्वस्तात सुटका? माझ्या बाजारात असं होत नाही. मला वाटलं, वहिनी माझं समाधान करतायत, तू असं काही बोललाच नसशील. मग वाटलं, तू बोललास, पण मला जन्मभर ओझ्याखाली ठेवायला बोललास. मग वाटलं, तुला मल्हारीसाठी बाजारात ओळखीचा माणूस राखायचा होता. तीन दिवस मी तुझ्या माफीचे दात बघितले, खूर बघितले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. आणि सगळ्यात वाईट हे की 'पोराला सांगू नगं' हे ऐकून मला हायसं वाटलं होतं. मायाप्पा, तू मला वाचवलंस आणि मी त्यात खूश झालो. मला तुझी इतकी आठवण येते की बाजारच्या दिवशी मी अजून फलटणच्या रस्त्याकडं बघतो. आणि तू आलास तर तुझ्या तोंडाकडं बघायची मला हिंमत होणार नाही, हेही खरं.

मी गप्पच राहिलो असतो. तू सांगितलंस म्हणून, असं कारणही होतं हाताशी. पण मल्हारीचा काल फोन आला. त्यानं आपल्या परीनं तपास लावलाय. बाजारात कुणीतरी त्याला सांगितलं की तो मेसेज तुझ्या कानाला चहावाल्यानं लावला होता. तेवढ्यावरून त्यानं ठरवलं की तो चहावाल्याचाच होता. म्हणे ट्रकवाल्याशी त्याचं साटंलोटं असणार, भाव पाडायला त्यानंच पुडी सोडली. रविवारी सुट्टी आहे, दोन दोस्त घेऊन येतो, म्हणाला. "टपरी ऱ्हाईल का बघू." बारीक आवाजात, शांतपणे बोलत होता, त्याची मला जास्त भीती वाटली. चहावाला साठीचा माणूस आहे. त्यानं केलं काय, तर तुला खरं ते ऐकवलं. त्या बाजारात त्या दिवशी तुझ्याशी सरळ वागलेला तेवढा एकच माणूस होता.

आणि पोराचं हे डोकं कुणाचं आहे, सांग? स्वस्तात काही दिसलं की खोड शोधायची, खोड सापडली नाही की माणूस शोधायचा. हे तुझं नाही, हे माझं आहे. माझं दुखणं तुझ्या घरात शिरलंय. आणि तू म्हणतोस, सांगू नको. माझं येणंजाणं राहावं म्हणून तू त्या पोराला चुकीच्या माणसाच्या मागं सोडून गेलास, हे तुझं चुकलं. पंचवीस वर्षांत तुझं एकदाच चुकलं आणि तेही माझ्यामुळं. या एका बाबतीत मी तुझं ऐकणार नाही.

म्हणून आज शिरवळला आलोय. कंपनीच्या गेटसमोर एक हॉटेल आहे, तिथं बसून हे लिहितोय. पहिली पाळी तीनला सुटते. मी बारापासून इथं आहे, दोन चहा झाले आणि दोनदा उठून लोणंदची गाडी किती वाजता आहे ते विचारून आलो. तू ओळखतोस मला. मी सांगेन की नाही, याबद्दल मलाच माझी खात्री नाही. त्याचं काय होईल तेही माहीत नाही. तो मला मारेल, की दारात उभं करणार नाही, की वहिनींवर चिडेल. यापुढं तुझ्या घरी मला कुणी भाकरी वाढणार नाही, हे बहुतेक नक्की. ते मी मोजूनच आलोय.

तीन वाजले. गेट उघडलं. पोरं घोळक्यानं बाहेर पडतायत, निळे शर्ट, हातात डबे. मल्हारी मागं आहे, एकटा. त्यानं मला बघितलं. हात वर केला आणि हसत हसत रस्ता ओलांडून येतोय. त्याला वाटतंय, काका सहज आलेत.